घरातली यंत्रं : हळू फिरणारा पंखा

मिक्सरची भांडी, फ्रीजचं रबर, इस्त्रीची कॉइल यांबद्दल तुमची पत्रं नेहमीच येतात. संगणकाच्या पोटातल्या पंख्याबद्दल विचारणारं पत्र मात्र पहिल्यांदाच आलं. ते आहे कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीहून, चांगलं चार पानी. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं, दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा ते गेलं.

या भगिनीचे यजमान गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टची नोकरी करतात. ती स्वतः बी.कॉम. आहे आणि चार दुकानदारांचे हिशेब घरी संगणकावर लिहिते. जेवणंखाणं, भांडी, मुलांचा अभ्यास आटोपला की दहाला बसायचं ते एकपर्यंत. जीएसटीची विवरणपत्रं भरायची म्हणून ११ आणि २० तारखेच्या आधीचे दिवस तर दोनसुद्धा वाजतात. घर दोन खोल्यांचं. संगणक बाहेरच्या खोलीत, आणि तिथंच सासऱ्यांचा पलंग. म्हाताऱ्या माणसाची झोप आधीच कापसासारखी. ते म्हणतात, "पोरी, त्या डबड्याचा आवाज बंद कर की गं!" रागावून नव्हे, कळवळून म्हणतात, म्हणून हिला जास्तच लागतं. आवाज कमी व्हावा म्हणून एका रात्री तिनं कॅबिनेटवर गोधडी टाकली. साडेबाराला संगणक तापून आपोआप बंद पडला आणि तासाभराच्या नोंदी गेल्या. पुढं काम रखडत गेलं, दोन दुकानदारांनी वह्या दुसरीकडे नेल्या. आता यजमान म्हणतात, विकून टाक तो संगणक. ती लिहिते, "ताई, पंखा बदलून काही होणार असेल तर सांगा. माझ्या हातचं काम जाऊ नये एवढंच वाटतं."

होईल बाई, बरंच होईल. पण बाजारात जायच्या आधी थोडं ऐकायला शिका.

सर्वांत आधी गोधडी काढा! टीव्हीवर क्रोशाचं आच्छादन घालायची आपल्याला सवय. पण चालू संगणकावर कापड टाकणं म्हणजे उकळत्या कुकरची शिट्टी दाबून धरणं. आतली हवा तापते, तापलेली हवा काढायला पंखा आणखी जोरात फिरतो, आवाज वाढतो आणि शेवटी यंत्र जीव वाचवायला स्वतःच बंद होतं. पत्रलेखिकेचं नेमकं हेच झालं.

आता ऐकण्याची गोष्ट. संगणकात पंखा एक नसतो. मुख्य प्रोसेसरच्या डोक्यावर एक, मागच्या बाजूला वीज देणाऱ्या पेटीत (तिला दुकानदार एसएमपीएस म्हणतात) एक, आणि कॅबिनेटची हवा खेळवणारे एक किंवा दोन. चित्रांच्या खेळांसाठी ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असेल तर त्याचे निराळे. यांतला कोण ओरडतो हे कळल्याशिवाय नवा पंखा आणणं म्हणजे दाढ कुठली दुखते ते न पाहता उपटणं. वर्तमानपत्राची लांब सुरळी करा, एक टोक कानाला लावा आणि दुसरं टोक कॅबिनेटच्या जाळ्यांपुढून एकेक करून फिरवा. चोर सापडतो. शंका राहिली तर संगणक बंद करा, भिंतीतून प्लग काढा, बाजूचा पत्रा उघडा, कॅबिनेटच्या एका पंख्याची पिन काढा आणि मिनिटभर संगणक चालू करून बघा. मिनिटभरच हं. प्रोसेसरच्या पंख्यावर हा प्रयोग नको, आणि एसएमपीएसची पेटी तर उघडायचीच नाही. प्लग काढल्यावरही तिच्यात जोराचा झटका बसण्याइतकी वीज काही काळ साठलेली असते.

आवाजाची जात ओळखा. नुसता "सूंऽऽ" असा वाऱ्याचा असेल तर वेग जास्त आहे. "घूंऽऽ" असा घुमत असेल तर पंख्याची थरथर पत्र्यात उतरते आहे. "टिक टिक" किंवा "खर्र खर्र" असेल तर बेअरिंग गेलं, नाहीतर एखादी वायर पात्याला लागते आहे. आधी वायर बघा, ती फुकट दुरुस्त होते.

साफसफाईही पैसे खर्चायच्या आधीची. गडमुडशिंगी हा विमानतळाच्या शेजारचा, वसाहतीच्या जवळचा आणि उसाच्या पट्ट्यातला गाव. रस्त्याची धूळ असते, शिवाय पाचट पेटवलं की वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी उतरते हे तुम्हाला मी सांगायला नको. तीच काजळी पंख्याच्या पात्यांवर बसते. पाती जड होतात, आणि सगळीकडे सारखी जड होत नाहीत. मग पंखा डुगडुगतो आणि घुमतो. जुना रंगाचा मऊ ब्रश घ्या, पातं एका बोटानं धरून ठेवा आणि पुसा. व्हॅक्यूम क्लीनरनं पंखा गरगरा फिरवून मुलं गंमत बघतात ती करू देऊ नका. त्यानं बेअरिंग बिघडतंच, उलटी वीजही तयार होते.

खरखरणाऱ्या जुन्या पंख्यावर एक घरगुती उपाय आहे. पंख्याच्या मध्यावरचा गोल कागद अलगद उचलायचा, आत रबराचं किंवा प्लॅस्टिकचं झाकण असलं तर तेही, आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडून कागद परत चिकटवायचा. खोबरेल तेल नको. थंडीत ते बाटलीत गोठतं तसं पंख्यातही गोठेल. या थेंबावर काही आठवडे, फार तर काही महिने निघतात. नवा पंखा येईपर्यंतची सोय समजा.

आता नव्या पंख्याकडे वळू. दुकानात गेलं की आपण काय विचारतो? "जास्त हवा देणारा द्या." इथंच आपलं चुकतं. रात्रीच्या कामाला पंखा हवा तो हळू फिरूनही पुरेशी हवा देणारा.

छताचा पंखा आणि टेबलफॅन शेजारी आणून बघा. छताच्या पंख्याचा घेर १२०० मिलिमीटर. तो संथ फिरतो आणि खोलीभर वारा देतो. टेबलफॅनची पाती लहान, म्हणून त्याला गरगरा फिरावं लागतं, आणि त्याच्यापुढं बोललेलं ऐकू येत नाही. संगणकातही तसंच. जुन्या कॅबिनेटांना मागं ८० मिलिमीटरचा चिमुकला पंखा असतो. १२० मिलिमीटरचं तोंड त्याच्या सव्वादोनपट मोठं. तेवढीच हवा तो निम्म्याहून कमी वेगात ढकलतो. १४० चा बसत असेल तर आणखी उत्तम. म्हणून कॅबिनेटच्या पुढच्या किंवा मागच्या पत्र्यावर मोठ्या पंख्याची भोकं आहेत का ते आधी बघा: १२० च्या पंख्याला दोन स्क्रूंमधलं अंतर १०५ मिलिमीटर लागतं. पत्रलेखिकेच्या कॅबिनेटला पुढं अशी जागा आहे आणि ती रिकामी आहे. ज्यानं जोडून दिलं त्यानं चारशे रुपये वाचवले!

वेग आणि आवाज यांचं नातं सरळ हिशेबाचं नाही, पण हिशेब लिहिणाऱ्या बाईला ते आवडेल. वेग निम्मा केला की हवा साधारण निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलनं उतरतो. आणि १० डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा वाटतो. उलट, एकाच्या जागी तसेच दोन पंखे लावले तर आवाज दुप्पट नाही वाढत, ३ डेसिबलनं वाढतो. जोरात फिरणाऱ्या एका पंख्याऐवजी निम्म्या वेगाचे दोन लावले, तर हवा साधारण तेवढीच आणि आवाज बारा डेसिबलनं कमी. "एकाचाच एवढा त्रास, त्यात दुसरा कुठं आणू?" असं पत्रात विचारलंय, त्याला हे उत्तर. दुसरा आणा, पण दोघांनाही हळू चालवा.

यात एक मेख आहे. वेग निम्मा झाला की हवा निम्मी होते, पण हवेचा रेटा चौथाई उरतो. म्हणजे पुढच्या जाळीवर धुळीचा नमदा बसला असेल तर जोरातला पंखा रेटून हवा ओढतो, हळू पंखा नुसता फिरत बसतो. हळू पंखा ठेवायचा तर जाळी स्वच्छ हवी. आपल्याकडे पंधरा दिवसांनी, पाचट पेटण्याच्या दिवसांत आठवड्याला. जाळी काढायची, नळाखाली धुवायची आणि पूर्ण वाळवून लावायची. तेवढा वेळ नसेल तर हळू पंख्याचा नाद करू नका, असं मी स्पष्टच सांगते.

आता दुकानात बघायच्या गोष्टी. पहिली म्हणजे पिना. पंख्याच्या वायरीच्या टोकाला बारीक तीन किंवा चार भोकांचा प्लग असतो. चार भोकांचा घ्या. तीनवाल्याचा वेग कमी करायचा तर वीजच कमी द्यावी लागते, आणि फार कमी दिली की तो सुरूच होत नाही. छताचा पंखा एकवर ठेवला की हलत नाही आणि आपण काठीनं ढकलतो, आठवतं ना? तिथं बहुधा कंडेन्सर गेलेला असतो, इथलं कारण वेगळं, पण दिसायला तसंच. वीज जाऊन आली, संगणक सुरू झाला आणि पंखा मात्र उभाच, असं होऊ शकतं. चारवाल्याला १२ व्होल्टची वीज पूर्ण मिळत राहते आणि चौथ्या तारेनं "हळू चाल" असा निरोप जातो. हा निरोप सेकंदाला पंचवीस हजार वेळा उघडझाप करून दिला जातो. माणसाच्या कानाची धाव वीस हजारांपर्यंत, म्हणून ती गुणगुण ऐकू येत नाही. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लावल्यावर छताचा पंखा एक-दोनवर कसा गुणगुणतो ते ज्यांनी ऐकलंय, त्यांना यातलं सुख कळेल. दुकानदार याला पीडब्ल्यूएम म्हणतो. तुम्ही तोच शब्द वापरा, म्हणजे तो तुम्हाला बाजूला सारून यजमानांशी बोलायला लागणार नाही.

एक सावधगिरी. चार जाड पिनांचा पांढरा, मोठा प्लग असलेले स्वस्त पंखेही मिळतात. "चार पिना आहेत की!" म्हणून तो घेऊ नका. ती निव्वळ विजेची जोडणी. तो पंखा कायम पूर्ण वेगात ओरडणार. रंगीत दिव्यांच्या तीन पंख्यांचे संच मुलांना फार आवडतात. त्यातले कित्येक असलेच असतात. दिवे हवेत तर आकाशकंदील लावा.

दुसरी गोष्ट बेअरिंग. इथं कोल्हापूरकरणींना मी काय शिकवणार! उद्यमनगरात किंवा फाउंड्रीत घरचं कुणी काम करत असेल तर बुश आणि बॉल बेअरिंग हे शब्द जेवताना कानावर पडलेले असतात. बुशचा पंखा नवा असताना अगदी गप्प. पण उष्णतेनं तेल सुकतं, आणि पंखा वरच्या पत्र्याला आडवा टांगला तर लवकर झिजतो. बॉल बेअरिंगचा टिकाऊ, कसाही लावा. पण हळू फिरताना, वाऱ्याचा आवाज नसल्यामुळं, गोळ्यांची बारीक किरकिर कानावर येते. दिवसा कळत नाही, रात्री बाराला कळते. तिसरा प्रकार द्रवावर तरंगणाऱ्या बेअरिंगचा, पेटीवर फ्लुइड डायनॅमिक किंवा एफडीबी लिहितात. तो बुशसारखा शांत आणि बराच जास्त टिकणारा. रायफल, हायड्रो अशी नावं असतात ते सुधारलेले बुशच. उभ्या पंख्याला चालतात. आपल्या कामाला एफडीबी बरा.

तिसरी गोष्ट पेटीवरचे आकडे. तिथं डेसिबलचा आकडा ठसठशीत छापलेला असतो, त्याला भुलू नका. प्रत्येक कंपनी आपापल्या रीतीनं, शांत खोलीत, जाळीशिवाय मोकळा पंखा ठेवून मोजते. एकीचा १९ आणि दुसरीचा २३ यांची तुलना म्हणजे एका दुकानच्या वाटीनं दुसऱ्या दुकानचं दूध मोजणं. त्याऐवजी "आरपीएम"ची ओळ वाचा, म्हणजे मिनिटाला किती फेरे. ५०० ते १५०० असा पल्ला असेल तर उत्तम. खालचा आकडा ८०० च्या वर असेल तर ठेवून द्या. एकच आकडा असेल आणि तो १२०० च्या पुढचा असेल तर तो रात्रीचा पंखा नव्हे.

किमतीचं सांगते. तीनचारशे रुपयांपासून सुरुवात होते. आर्क्टिक कंपनीच्या पी-१२ सारखे चार पिनांचे, मधल्या किमतीचे पंखे घरच्या कामाला पुरतात. नॉक्टुआ या ऑस्ट्रियातल्या कंपनीचे पंखे हळू चालीसाठी फार नावाजलेले. दुधाळ चौकट आणि चॉकलेटी पाती, जशी काही चहात बुडवलेली बिस्किटं. पण एकेक अडीच-तीन हजारांच्या घरात जातो, आणि चार दुकानदारांच्या हिशेबावर तेवढा खर्च मला पटत नाही. त्याच पैशात मधल्या प्रतीचे दोन येऊन रबराच्या खिळ्यांना सुटे पैसे उरतात.

शक्य असेल तर दुकानातच पंखा लावून घ्या, वेग अगदी कमी करायला सांगा आणि कानाशी धरा. रस्त्याच्या कोलाहलात वारा ऐकू येणार नाही, पण टिकटिक आली तर कळेल. मग चौकट दुकानाच्या टेबलावर टेकवा. टेबल गुणगुणलं तर तुमचं कॅबिनेटही गुणगुणणार.

रबराचे खिळे म्हटलं ते याचसाठी. लोखंडी स्क्रूनं पंखा पत्र्याला आवळला की त्याची थरथर पत्र्यात जाते आणि सगळं कॅबिनेट डबा वाजवल्यासारखं घुमतं. स्क्रूऐवजी रबराचे किंवा सिलिकॉनचे मऊ खिळे मिळतात; काही पंख्यांच्या कोपऱ्यांना मुळातच रबर असतं. कॅबिनेटच्या पायांखाली जुन्या रबरी चपलेचे चार तुकडे ठेवलेत तरी फरक पडतो. पोकळ लाकडी खोक्यावर किंवा पलंगाला टेकून ते ठेवू नका. पत्रलेखिकेचं कॅबिनेट सासऱ्यांच्या पलंगाच्या पायाला चिकटून आहे असं तिच्या आकृतीवरून दिसतं! ते आजच सरकवा, पण भिंतीत चेपू नका. मागं वीतभर जागा हवीच.

बसवताना दिशा सांभाळा. पुढून खालून गार हवा आत, मागून वरून गरम बाहेर. स्वयंपाकघरात खिडकी आणि एक्झॉस्ट असतो तसं. दोन्ही पंखे एकमेकांकडे तोंड करून लावलेली कॅबिनेटं मी पाहिली आहेत. पंख्याच्या चौकटीवर बारीक बाण कोरलेले असतात. नसले तर ज्या बाजूला मधलं बूड धरणाऱ्या काड्या आणि कागद असतो, त्या बाजूनं हवा बाहेर पडते. मदरबोर्डवर पंख्यासाठी एकच जागा मोकळी असेल तर एकाचे दोन करणारी वायर मिळते. तिच्यावर दोन साधे पंखे सहज चालतात.

आणि मग शेवटचं काम, जे दुकानदार न सांगता करत नाही. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबलं की आतला तक्ता उघडतो. त्यात पंख्यांचं पान असतं, क्यू-फॅन किंवा स्मार्ट फॅन अशा नावाचं. तिथं सांगायचं, पन्नास-पंचावन्न अंशांपर्यंत तिसऱ्या हिश्श्याच्या वेगात राहा, सत्तरला साठ टक्के, ऐंशीच्या पुढं पूर्ण. हिशेबाच्या कामाला प्रोसेसर फारसा तापत नाही, त्यामुळं रात्रभर पंखा खालच्याच पायरीवर राहील. वेग बदलायला काही सेकंद थांबायचं असं लिहिण्याची सोय असेल तर लिहा. झोपलेल्या माणसाला सलग आवाजापेक्षा चढउतार जास्त जागं करतो. आणि एखाद्या ठरावीक वेगाला कॅबिनेट घुमत असेल तर तो वेगच टाळा, एस.टी. उभी असताना खिडक्या खडखडतात आणि धावायला लागली की गप्प होतात, तशातली ती खोड.

एप्रिल-मेमध्ये खोलीच पस्तिशीच्या वर गेलेली असते, तेव्हा खालची पायरी थोडी वाढवा. कॅबिनेटमधली हवा खोलीपेक्षा गार होत नाही, कितीही भारी पंखा आणला तरी.

सासऱ्यांना किती शांतता हवी? जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ साली झोपेच्या खोलीसाठी सलग आवाजाला ३० डेसिबलची मर्यादा सुचवली होती. आपल्या सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीच्या भागाला रात्री ४५ आहे, पण ती घराबाहेरची गोष्ट. विमानाचा आवाज घटकाभराचा, पंख्याचा रात्रभराचा. सहाशे-सातशे फेऱ्यांनी फिरणारे दोन चांगले पंखे चार-पाच फुटांवरून त्या तिसाच्या आतच राहतात.

एवढं करूनही मागून "सूं" येत राहिला तर तो बहुधा एसएमपीएसचा असेल. त्याचा पंखा सुटा बदलायला देऊ नका. पैसे साठले की १२० चा पंखा असलेली पेटीच बदला. तोवर दोन पंखे, रबरी खिळे आणि हलवलेलं कॅबिनेट यांवर ११ तारीख काढा. ज्या दोघांनी वह्या नेल्या त्यांना निरोपही आत्ताच धाडा, वर्षअखेरीची वाट बघू नका.

याच विषयावर आणखी कुणाला विचारायचं असेल तर पत्रात कॅबिनेटला कुठल्या मापाच्या पंख्याची भोकं आहेत, मदरबोर्डवरच्या मोकळ्या जागेला पिना तीन की चार, आणि आवाज सूं, घूं की टिकटिक, एवढं जरूर लिहा.